जसा हंगाम, तसे पुस्तक



पेरणी कधी करावी, खताची मात्रा किती द्यावी, फवारणी केव्हा घ्यावी हे सांगणे माझे रोजचे काम. प्रत्येक बियाण्याला हंगाम असतो, हे तुम्हांला मी सांगावयास नको. मृगात पेरायचे ते आश्लेषात पेरले, तर घरात दाणा कमी आणि काड जास्त येते. पण पुस्तकालाही हंगाम असतो, ही गोष्ट मला कृषी महाविद्यालयात कोणी शिकवली नव्हती. ती मी शिकलो एका लहानशा गावाच्या सार्वजनिक ग्रंथालयात, एका निवृत्त प्राथमिक शिक्षकाकडून. ते ग्रंथालय कसे चालते आणि कोणत्या हंगामात काय वाचायला व पाहायला सांगते, ते आज तुम्हांला सांगतो. यातले जे तुमच्या गावाला लागू पडेल ते घ्या, बाकीचे सोडून द्या.

चावडीशेजारची खोली

ग्रंथालय म्हणजे काही मोठी इमारत नाही. चावडीशेजारी एक खोली, चार लोखंडी कपाटे, एक लांब बाक आणि वर्तमानपत्रे ठेवायला उतरते टेबल. भिंतीला ओल येते म्हणून कपाटे वीतभर पुढे ओढून ठेवलेली. पुस्तकांत कडुनिंबाचा वाळलेला पाला. ग्रंथपालाला मिळणारे मानधन इतके की, त्यात एका माणसाच्या चहा-तंबाखूचा खर्च निघावा. गुरुजींना तंबाखूचे व्यसन नाही, म्हणून ते टिकले असे ते स्वतःच हसून सांगतात.

माझी नि त्यांची ओळख झाली ती माझ्या चुकीमुळे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी एकदा सोयाबीनच्या बीजप्रक्रियेची पत्रके घेऊन त्या गावी गेलो. कार्यालयातून गठ्ठा उशिरा हाती आला होता. तोवर गावात पेरण्या उरकून तिफणी धुऊन ठेवल्या होत्या. मी मात्र वाटप पूर्ण झाल्याची सही घ्यायला निघालो होतो. उरलेला गठ्ठा ग्रंथालयात ठेवायला गेलो, तेव्हा गुरुजींनी एक पत्रक शांतपणे वाचले आणि म्हणाले, "साहेब, लिहिलंय चांगलं. पण पंगत उठल्यावर पान मांडून काय उपयोग?"

मला राग आला. बोलता मात्र आले नाही, कारण ते खरे होते. त्यांनी तो गठ्ठा फेकला नाही. सुतळीने बांधून कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवला, वर चिठ्ठी लावली, "अक्षय्य तृतीयेला काढणे." पुढच्या वर्षी अक्षय्य तृतीयेला तो खरोखर निघाला आणि रोहिणी लागण्याआधी घरोघर गेला. त्या गावात त्या साली माझी पत्रके वाचली गेली. माझ्या क्षेत्रातल्या इतर गावांत काय झाले, ते मी लिहीत नाही.

या खोलीच्या दाराशी एक काळा फळा आहे. वर मथळा, "या हंगामाची शिदोरी." खाली चारच ओळी. एक पुस्तक शेताचे, एक मनाचे, एक मुलांचे आणि एक चित्रपट. चित्रपट शाळेच्या चुना दिलेल्या भिंतीवर, शाळेच्याच यंत्रावर दाखवतात. गुरुजींचा नियम असा की, चित्रपट संपल्यावर अर्धा तास कोणी उठायचे नाही. चहा येतो आणि बोलणे होते. "नुसतं पाहून उठला तो पाहुणा, बोलून उठला तो गावकरी," असे ते म्हणतात.

उन्हाळा : आखणीचे दिवस

रान रिकामे, नांगरट झालेली, लग्नसराई चालू. दुपारी बाहेर पडवत नाही. शेताचे पुस्तक वाचायला याहून चांगला काळ नाही, कारण वाचलेले करून पाहायला अजून वेळ हाती असतो.

आपली कृषी विद्यापीठे दरवर्षी माहितीचे पुस्तक काढतात. राहुरीची 'कृषिदर्शनी', अकोल्याची 'कृषी संवादिनी', परभणीची 'कृषी दैनंदिनी' ही नावे तुम्ही ऐकली असतील. वाणांची निवड, बियाण्याचे प्रमाण, खताच्या मात्रा, किडींची ओळख असे सर्व त्यात एका ठिकाणी असते. कृषी विभागाचे 'शेतकरी' मासिकही ग्रंथालयात यावे असा आग्रह धरा. ही पुस्तके कादंबरीसारखी पहिल्या पानापासून वाचायची नसतात. आपली दोन-तीन पिके ठरवावी, तेवढीच पाने वाचावी आणि वहीत उतरून घ्यावी.

एक उदाहरण देतो. २०२० च्या मे महिन्यात साथीमुळे सारे बंद होते. गुरुजी खोलीच्या खिडकीतून पुस्तके देत. प्रत्येक पुस्तकात त्यांनी हाताने लिहिलेली एक चिठ्ठी घातली होती. तीत बियाण्याची उगवण घरी कशी तपासावी ते होते. शंभर दाणे मोजून घ्यावेत. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत मांडावेत. गोणपाट गुंडाळून सावलीत ठेवावे, ओल टिकेल इतकेच पाणी शिंपडावे. सहा-सात दिवसांनी उलगडून चांगले कोंब आलेले दाणे मोजावेत. सोयाबीनचे सत्तर किंवा अधिक दाणे उगवले, तर बियाणे पेरण्यास योग्य.

एका घरात सासूने मागवली होती पोथी, आणि चिठ्ठी वाचली सुनेने. तिने घरच्या बियाण्याचे शंभर दाणे मांडले. उगवले त्रेचाळीस. नवऱ्याला आधी खरे वाटेना. तिने पुन्हा मांडले, पुन्हा तेच. त्यांनी बियाणे बदलले. त्या खरिपात राज्याच्या अनेक भागांतून सोयाबीन उगवले नसल्याच्या तक्रारी आल्या आणि कित्येकांना दुबार पेरणी करावी लागली. पंचनामे करीत मी गावोगाव फिरत होतो. त्या सुनेच्या शेताच्या बांधावर उभा राहिलो, तेव्हा ओळी भरून आल्या होत्या. ती मला म्हणाली, "साहेब, पोथीत चिठ्ठी होती म्हणून वाचली. नुसती चिठ्ठी दिली असती तर चुलीत गेली असती."

उन्हाळ्याचे मनाचे पुस्तक म्हणून फळ्यावर असते महात्मा जोतीराव फुले यांचे 'शेतकऱ्याचा असूड'. हे पुस्तक १८८३ सालचे आहे. भाषा जुनी आणि परखड आहे, म्हणून एका बैठकीत वाचू नका. रोज चार पाने वाचा. शेतकरी कर्जात का बुडतो, शिक्षणावाचून त्याचे कसे नुकसान होते, हे तर त्यात आहेच. पण पावसाचे पाणी व मातीचा कस शेतातच राहावा म्हणून ताली-बंधारे घालावेत, जनावरांची पैदास सुधारावी, शेतकऱ्यांच्या मुलांना विद्या द्यावी, असे उपायही त्यात आहेत. आज आपण पाणलोटाची कामे करतो. त्यांचा विचार आपल्या माणसाने किती आधी केला होता, हे कळले की बांधबंदिस्तीचे काम सरकारी वाटत नाही, घरचे वाटते.

मुलांना सुट्टी असते. त्यांच्यासाठी साने गुरुजींचे 'श्यामची आई'. हे त्यांनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. आचार्य अत्रे यांनी त्यावर काढलेल्या १९५३ च्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. आधी पुस्तक वाचू द्या, मग चित्रपट दाखवा. उलटे केले तर पुस्तक हाती धरायला मुले कंटाळतात, हा आमच्या गुरुजींचा अनुभव.

खरीप : थोडे वाचा, मोठ्याने वाचा

मृग बरसला की पुस्तकाला वेळ नसतो. रात्री अंथरुणाला पाठ लागली की डोळे मिटतात. म्हणून या हंगामात ग्रंथालय मोठी पुस्तके सुचवत नाही. झडीच्या दिवसांत एकाने वाचावे आणि बाकीच्यांनी शेंगा सोलीत, वाती वळीत ऐकावे, असे काही सुचवते.

पहिले नाव 'बहिणाबाईंची गाणी'. जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात, जात्यावर, घरकामात त्या गाणी रचीत. घरच्या माणसांनी ती वेळोवेळी टिपून ठेवली. १९५१ च्या डिसेंबरात त्या गेल्या आणि १९५२ मध्ये कवी सोपानदेव या त्यांच्या मुलाने अत्र्यांच्या मदतीने ती पुस्तकरूपाने आणली. घरातली म्हातारी माणसे निरक्षर असतील, तर हे पुस्तक त्यांच्यासाठी आधी आणा. आमच्या गावात एका आजीने दोन गाणी ऐकल्यावर विचारले, "ही बाई कोणत्या शाळेत होती?" शाळेत गेलीच नव्हती म्हटल्यावर आजी बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मग माझ्याबी गाण्यांचं कोणी लिहून घेतलं असतं तर?" त्यानंतर आठवीतली त्यांची नात वही घेऊन त्यांच्याजवळ बसू लागली. तीन ओव्यांनी सुरू झालेली ती वही आज ग्रंथालयाच्या कपाटात आहे.

खरिपातले शेताचे वाचन एकाच पानाचे आहे, आणि ते पान औषधाच्या डब्यावर चिकटवलेले असते. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्या वर्षापासून गुरुजी दर जुलैत रिकामे डबे न मागता फक्त त्यांवरची घडीपत्रके मागवतात आणि मुलांना वाचायला लावतात. डब्यावर चौकोनात रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे जास्त विषारी, निळा म्हणजे मध्यम, हिरवा म्हणजे त्या मानाने कमी विषारी. कमी म्हणजे निर्धोक नव्हे. विषबाधा झाल्यास काय करावे, तेही त्या पत्रकात असते. डॉक्टरकडे जाताना डबा किंवा पत्रक बरोबर न्यावे. वडिलांना बारीक अक्षर दिसत नसेल, तर मुलीने वाचून दाखवावे, आणि तिने 'हातमोजे' म्हटले की वडिलांनी हसण्यावारी नेऊ नये.

पोळ्याच्या आधीच्या शनिवारी भिंतीवर 'टिंग्या' लागतो. मंगेश हाडवळे यांचा हा २००८ चा चित्रपट. जायबंदी झालेला बैल विकावा लागणार हे कळल्यावर एक लहान मुलगा घरच्यांशी कसा झगडतो, एवढीच गोष्ट. बापाची अडचणही खरी आणि पोराचा हट्टही खरा. चित्रपट संपल्यावरच्या अर्ध्या तासात आमच्या गावात पुरुष माणसे बैलांच्या आठवणी सांगू लागतात. ज्यांच्या दावणीला आता बैल नाही, ते अधिक बोलतात.

दिवाळी : अंक फिरता ठेवा

सोयाबीन निघाले, कापसाची पहिली वेचणी झाली, हाती चार पैसे आले की दिवाळी अंकांचे दिवस. मराठीत ही प्रथा १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मनोरंजन' मासिकाने पाडली. प्रत्येक घराने अंक विकत घ्यावा एवढी आपली ऐपत नसते. आमचे ग्रंथालय दहा-बारा अंक घेते आणि आळीवार फिरवते. एका घरात चार दिवस, मग शेजारी. अंकाच्या मागच्या पानावर वाचणाऱ्याने नाव लिहायचे. संक्रांतीपर्यंत त्या पानावर पंचवीस-तीस नावे होतात. त्यांत बायकांची नावे स्वतःच्या नावाने येऊ लागली, ही मला सर्वांत मोठी गोष्ट वाटते. पूर्वी त्यांची पुस्तके मुलाच्या नाहीतर नवऱ्याच्या नावावर जात.

रब्बी : लांब रात्री, मोठी पुस्तके

हरभरा, गहू उगवून आला की रात्री पाण्याच्या पाळ्या आणि राखण. खोपीत दिवा असतो, थंडी असते आणि वेळही असतो. कादंबऱ्यांचा हंगाम हाच.

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' आधी घ्या. पुस्तक लहान आहे. माणदेशातल्या धनगरवाडीवर एक कोवळा मास्तर येतो, आणि पुढे दुष्काळात वाडी कशी उठते, ते साध्या शब्दांत सांगितले आहे. अमोल पालेकरांनी १९९५ साली त्यावर चित्रपट केला. त्यानंतर आनंद यादवांचे 'झोंबी' घ्या. हे १९८७ सालचे आत्मचरित्र, १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेले. कागलच्या शेतकरी घरातला मुलगा शिकण्यासाठी स्वतःच्या बापाशी झगडतो. तुमच्या घरात शाळा सोडायच्या विचारात कोणी असेल, तर हे पुस्तक त्याच्या आधी बापाने वाचावे. यादवांचीच १९७१ ची 'गोतावळा' आहे. गडीमाणूस नारबा, त्याची जनावरे आणि मळ्यात येणारा ट्रॅक्टर. यंत्र आणायला सांगणारा मी माणूस. पण ते पुस्तक वाचल्यावर कोणाला ट्रॅक्टर सुचवताना मी त्याच्या गड्याचे पुढे काय, हेही विचारू लागलो.

विदर्भाकडच्या वाचकांना उद्धव शेळके यांची १९६० ची 'धग' जवळची वाटेल. त्यातली कौतिक तुम्ही कुठेतरी पाहिलेली असेल. सदानंद देशमुख यांची २००२ ची 'बारोमास' तर आजचीच गोष्ट आहे. शिकलेला, नोकरी नसलेला मुलगा आणि तोट्यातली शेती. तिला २००४ चा अकादमी पुरस्कार मिळाला. मात्र ही दोन पुस्तके मन जड असताना एकट्याने वाचू नका. कोणाला तरी बरोबर घ्या.

असे का म्हणतो, त्याला कारण आहे. २०१९ च्या ऑक्टोबरात काढणीला आलेले सोयाबीन पावसात सापडले. कापून ठेवलेल्या गंजीतच शेंगांना कोंब फुटले. त्या हिवाळ्यात गावातला एक चाळिशीचा शेतकरी रोज ग्रंथालयात येऊन बसे. वर्तमानपत्र उघडी आणि तासभर तेच पान धरून बसे. मी पाहिले असते तर म्हटले असते, वाचनाची आवड लागली. गुरुजींनी चार दिवस पाहिले आणि त्यांना ते पान उलटत नसल्याचे दिसले.

त्या शनिवारी फळ्यावर विनोदी चित्रपट लिहिला होता. गुरुजींनी तो पुसून 'गाभ्रीचा पाऊस' लिहिला. सतीश मनवर यांचा २००९ चा चित्रपट. शेजारच्या शेतकऱ्याने जीव दिल्यावर एका बाईला आपल्या नवऱ्याची धास्ती वाटू लागते आणि ती लहान मुलाला दिवसभर त्याच्या मागे राहायला लावते. मी गुरुजींशी भांडलो. म्हटले, माणसे आधीच पोळलेली आहेत. त्यांना हसू द्या. गुरुजी म्हणाले, "साहेब, हसून घरी जातील हो. पण बोलतील कधी?"

चित्रपट संपला. चहा आला, पण कोणी पेला उचलेना. मग मागच्या बाजूने एक म्हातारी म्हणाली, "त्या बाईला शेजारपाजार नव्हता का रं? एकलीच कशी जीव टाकत होती?" यावर कोणी उत्तर दिले नाही. तो शेतकरी खाली मान घालून बसला होता आणि त्याची बायको त्याच्याकडे पाहत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या घरी तीन माणसे जाऊन बसली. तिसऱ्या दिवशी गुरुजींनी मला बोलावून घेतले. मी त्याच्याबरोबर बँकेत गेलो आणि पीककर्जाच्या पुनर्गठनाचा अर्ज भरला. एका हेलपाट्यात काम झाले नाही, चार झाले. मेहुण्याने हरभऱ्याचे बियाणे दिले. त्याचे कर्ज फिटले असे मी म्हणणार नाही. पण पुढच्या मृगाला तो पेरायला होता.

चित्रपटाने हे केले असे नव्हे. माणसांनी केले. चित्रपटाने त्यांना बोलायला विषय दिला. तुमच्या गावात कोणी असे एकाच पानावर थांबलेले दिसले, तर चित्रपटाची वाट पाहू नका. जाऊन बसा.

हिवाळ्याचा शेवटचा चित्रपट आनंदाचा असतो. श्याम बेनेगल यांचा १९७६ चा 'मंथन'. गुजरातेतल्या दूध सहकाराची ही कथा. तिचा खर्च पाच लाख दूध उत्पादक शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन उचलला होता. आपल्या पैशाचा चित्रपट पाहायला ते गाड्या भरभरून गेले. जुनी प्रत दुरुस्त करून २०२४ साली तो फ्रान्समधल्या कान महोत्सवात दाखवला गेला. गावात दूध संस्था किंवा उत्पादक गट काढायचा विचार असेल, तर सभेच्या आदल्या रात्री हा लावा. गटात भांडणे कशावरून होतात, ते त्यात आधीच दिसते.

जुन्या पुस्तकाबद्दल सावधगिरी

कादंबरी जुनी होत नाही. शेतीचे पुस्तक होते. शेतीचे कोणतेही पुस्तक उघडले की आधी छापल्याचे वर्ष पाहा. माती, पाणी, मशागत, पिकांची फेरपालट यांविषयीचे जुने ज्ञान बहुधा कामाचे असते. औषधांची नावे व मात्रा मात्र जुन्या पुस्तकातून कधीही घेऊ नका. एकेकाळी पुस्तकापुस्तकांतून सुचवलेल्या एन्डोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली बंदी घातली. ते नाव जुन्या पानांत अजून तसेच छापलेले आहे. आमच्या गुरुजींनी अशा पानांवर लाल पेन्सिलीने फुली मारली आहे. मोबाइलवर फिरणाऱ्या 'जालीम उपायां'नाही हीच कसोटी लावा. कोणी लिहिले, केव्हा लिहिले, चूक निघाली तर जाब कोणाला विचारायचा? तिन्हींची उत्तरे नसतील, तर तो उपाय पिकावर करू नका.

तुमच्या गावात काय करता येईल?

ग्रंथालय शेतकऱ्याच्या दारी नेण्याचा विचार नवा नाही. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या शेतकरी घरात जन्मलेल्या सयाजीराव गायकवाड महाराजांनी १९१० साली अमेरिकेतून बॉर्डन नावाच्या ग्रंथपालांना बडोद्यास आणले. मग संस्थानात गावोगाव ग्रंथालये काढली आणि पेट्यांतून फिरती ग्रंथालये पाठवली. तमिळनाडूत मन्नारगुडीजवळ १९३१ साली बैलगाडीतून पुस्तके खेड्यांत जात. आपल्याकडे सातारा जिल्ह्यातील भिलार हे स्ट्रॉबेरी पिकवणारे गाव २०१७ पासून 'पुस्तकांचे गाव' झाले आहे. तिथल्या शेतकऱ्यांनी आपल्या घरांच्या खोल्या पुस्तकांसाठी मोकळ्या केल्या. महाबळेश्वरकडे सहल गेली, तर मुलांना तिथे तासभर तरी थांबवा.

महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ सालचा आहे. मान्यताप्राप्त ग्रंथालयांना अ, ब, क, ड अशा वर्गवारीने शासनाचे अनुदान मिळते. तुमच्या किंवा शेजारच्या गावात असे ग्रंथालय बहुधा असेलच. नसेल तर शाळेच्या कपाटापासून सुरुवात होते. करावयाच्या गोष्टी थोड्याच आहेत :

१. घरातल्या एका तरी बाईच्या नावाने सभासदत्व घ्या. अनामत रक्कम थोडी असते आणि ती परत मिळते.

२. ग्रंथालयात मागणीची नोंदवही असते. हवे ते पुस्तक हंगामाच्या दोन महिने आधी तीत लिहा. खरिपाचे पुस्तक चैत्रात मागा.

३. ग्रंथालयाची वेळ हंगामाप्रमाणे बदलून घ्या. खरिपात दिवेलागणीनंतर, उन्हाळ्यात सकाळी. दुपारी तीनला उघडणारे दार कोळपणीच्या दिवसांत कोणाच्या उपयोगाचे?

४. दाराशी फळा लावा. चारच ओळी लिहा. यादी लांबली की कोणी वाचत नाही.

५. चित्रपट गावात सर्वांसमोर दाखवायचा असेल, तर रीतसर प्रत व परवानगी घ्या. आणि नंतरचा अर्धा तास विसरू नका.

आमच्या गुरुजींना आता नीट दिसत नाही. फळा लिहायचे काम ओव्यांची वही लिहिणाऱ्या त्याच मुलीने घेतले आहे. ती आता महाविद्यालयात जाते. गेल्या खेपेला मी गेलो, तेव्हा गुरुजी बाकावर बसून तिला एकेक नाव सांगत होते आणि ती खडूने लिहीत होती. चौथी ओळ लिहून झाल्यावर तिने विचारले, "गुरुजी, अजून एक लिहू? जागा आहे." गुरुजी म्हणाले, "नको. ती जागा मागणाऱ्यासाठी राहू दे."

तुमच्या गावच्या फळ्यावरही अशी जागा असेल. येत्या हंगामाआधी एकदा ग्रंथालयाची पायरी चढा आणि तुम्हांला हवे ते नाव तिथे लिहून या.